धागा : ‘मत्तविलास’ मराठीत बसवताना – कवटी, भिक्षापात्र आणि मद्यालयातला यज्ञ

रंगपीठ

कांचीचा पल्लव राजा महेंद्रवर्मा याचे ‘मत्तविलास’ हे संस्कृत प्रहसन मराठीतून रंगमंचावर आणू इच्छिणाऱ्यांसाठी हा धागा. महेंद्रवर्म्याची कारकीर्द साधारण 600 ते 630 मानतात. म्हणजे आपल्याकडच्या चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीचा तो समकालीन आणि प्रतिस्पर्धी. नाटकाच्या पोथ्या केरळात टिकल्या आणि टी. गणपतिशास्त्री यांनी 1917 मध्ये त्रिवेंद्रमच्या संस्कृत ग्रंथमालेत ते छापले. एक अंक, पाच मुख्य पात्रे, आणि शिवाय सुरुवातीला सूत्रधार-नटी.

संहिता न वाचलेल्यांसाठी कथा थोडक्यात. सत्यसोम हा कापालिक (कवटीचे भिक्षापात्र बाळगणारा शैव साधू) आणि त्याची सहचरी देवसोमा कांचीच्या रस्त्यांवरून झिंगत फिरताहेत. मद्यालयाशी भिक्षा घ्यायची वेळ येते तेव्हा कळते, हातातली कवटी गायब! मद्य गाईच्या शिंगात घ्यावे लागते. कवटीत भाजलेले मांस होते, म्हणजे ती कुत्र्याने तरी नेली असणार नाहीतर बौद्ध भिक्षूने, असा सत्यसोमाचा तर्क. तेवढ्यात नागसेन भिक्षू चीवराखाली (भिक्षूच्या वस्त्राखाली) काहीतरी लपवून लगबगीने येतो आणि भांडण पेटते. बभ्रुकल्प नावाचा पाशुपत (दुसऱ्या एका शैव पंथाचा साधू) मध्यस्थीला येतो, त्यालाही निवाडा जमत नाही. शेवटी एक वेडा कुत्र्याच्या तोंडातून सोडवलेली कवटी घेऊन येतो.

ही कथा सहज प्रहसनात बसते, पण प्रयोग मात्र सहसा दोन ठिकाणी घसरतो. पहिले म्हणजे सगळी पात्रे पहिल्यापासून शेवटपर्यंत लडखडत राहतात, आणि दहाव्या मिनिटाला प्रेक्षक कंटाळतो. दुसरे म्हणजे वाद ऐकूच येत नाही. या नाटकातला विनोद वादात आहे. एकेक माणूस आपापल्या शास्त्राला धरून, अगदी मनापासून बोलतो, आणि तसे बोलता बोलताच उघडा पडतो. नट जर ‘मी विनोदी बोलतोय’ असे दाखवू लागला तर नाटक संपलेच.

तेव्हा अभिनय, भाषांतर, प्रॉपर्टी, वेशभूषा, ताल यांपैकी ज्याला जे नेमके ठाऊक आहे ते इथे लिहावे.

जुनी_पोथी

नशेबद्दल नाट्यशास्त्रातच उत्तर आहे. भरताने मदाच्या तीन पायऱ्या सांगितल्यात : तरुण, मध्य आणि अवकृष्ट. कोणी गातो, कोणी हसतो, कोणी रडतो, कोणी कठोर बोलतो, कोणी झोपतो, असे प्रकृतीनुसार भेदही दिलेत. पण दिग्दर्शकाच्या कामाची गोष्ट त्यापुढे येते. भय, शोक किंवा मोठा हर्ष झाला की रंगमंचावरचा मद क्रमाक्रमाने उतरवावा, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे.

हे ‘मत्तविलासा’ला जसेच्या तसे लागू होते. कवटी हरवल्याचे कळते तो शोकाचा आणि भयाचा क्षण, तेव्हा नशा तिथूनच उतरायला लागली पाहिजे. भिक्षूशी वाद सुरू होईपर्यंत सत्यसोम पायावर स्थिर असावा. त्याचा तर्क तेवढा नशेत राहतो, शरीर राहत नाही. तालमीत तीन टप्पे ठरवून घ्या. प्रवेश ते मद्यालय हा पहिला, त्यात तोल जातो पण उच्चार स्वच्छ राहतात. मद्यालय ते कवटी हरवणे हा दुसरा, सर्वांत जास्त नशेचा. तिथून पुढे उतार. जीभ जड करून बोलणे पूर्ण टाळा, कारण श्लोक आणि कोट्या त्यातच बुडतात.

सुरुवातीची नावाची चूकही याच हिशेबाने घ्यावी. सत्यसोम देवसोमेला चुकून ‘सोमदेवा’ म्हणतो. तिला वाटते, ही कोण दुसरी? तो म्हणतो, दारूने जीभ घसरली, आजपासून दारू सोडली. त्यावर ती त्याच्या पायाच पडते : माझ्यापायी तुमचे तप मोडू नका! इथे देवसोमेच्या नटीने शंभर टक्के खरे घाबरावे. तिच्या दृष्टीने मद्य हे व्रताचे अंग आहे आणि नवरा व्रतभंग करायला निघाला आहे. ती लाडात आली की हशा अर्धा होतो.

विंगेतून

मद्यालयाच्या उताऱ्याबद्दल. नाटकाचा कळस तोच, आणि भाषांतरात सर्वांत जास्त कापला जातो तोही तोच. सत्यसोमाला मद्यालय यज्ञभूमीसारखे दिसते. दुकानाच्या खुणेचा खांब म्हणजे यूप (यज्ञाचा खांब), मद्य म्हणजे सोमरस, पिणारे ते ऋत्विज (यज्ञाचे पुरोहित), पेले म्हणजे चमस (सोमाची पात्रे), शूलावर भाजलेले मांस हे हविर्द्रव्य, दारुड्यांची बडबड हे यजुर्मंत्र, गाणी ही सामे, मद्याच्या पखाली म्हणजे स्रुचा (आहुतीच्या पळ्या), तहान हा अग्नी आणि गुत्त्याचा मालक यजमान.

सातव्या शतकातल्या प्रेक्षकाला यज्ञ डोळ्यांपुढे होता. आज ‘चमस’ म्हटले की सभागृहात शांतता. म्हणून शब्द बदलण्यापेक्षा क्रम बदला. मुळात उपमा भरभर येतात. मराठीत आधी वस्तू दाखवा, मग यज्ञातली जोडी सांगा. हात खांबाकडे, क्षणभर थांबा, मग ‘यूप’. पहिल्या दोन जोड्या ‘यज्ञाचा खांब’, ‘सोमरस’ अशा सोप्या ठेवल्या की प्रेक्षकाला रीत कळते, आणि तिसऱ्यापासून तो स्वतः पुढची जोडी शोधायला लागतो. ‘यजमान’ हा शब्द मराठीत घरच्या यजमानाला आणि पूजेच्या यजमानाला दोन्हीकडे चालतो, म्हणून तो शेवटी ठेवा. आयता मिळालेला शब्द आहे. ‘स्रुचा’ सरळ ‘आहुतीची पळी’ करा.

वाचनाचा वेग मोजून घ्या. हा उतारा साठ ते सत्तर सेकंदांत बसला पाहिजे. दोन मिनिटांवर गेला तर तो कीर्तन होतो.

लगदाकाम

कवटी आणि भिक्षापात्र या दोन वस्तूंवर सगळे नाटक उभे आहे, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

करवंटी वापरू नका. ती साधारण अकरा-बारा सेंटिमीटरची असते आणि सहाव्या रांगेपासून पुढे ती करवंटीच दिसते. 18 सेंमी व्यासाचा फुगा घ्या. फुगवल्यावर बाजूंनी दोरी बांधून किंचित लांबट करा, कवटी गोल नसते. वर्तमानपत्राच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या फाडून घ्या, कापू नका. फाटलेली कडा एकमेकांत बसते, कापलेली कडा वर दिसत राहते. दोन भाग फेव्हिकॉल, एक भाग पाणी. एका वेळी दोनच थर आणि त्यानंतर चोवीस तास वाळवण. एकूण सात थर. चार थर एका दमात दिले की आतला ओलावा अडकतो, पृष्ठ वाळलेले वाटते आणि पुढच्या आठवड्यात ते सुरकुतते. कोकणात किंवा पावसाळ्यात काम असेल तर फेव्हिकॉलऐवजी मैद्याची खळ अजिबात नको, बुरशी धरते. खळ वापरायचीच असेल तर बाइंडिंगवाले घालतात तसे चिमूटभर मोरचूद घालावे लागते, पण ते विषारी आहे. मग त्या कवटीला नटाचे ओठ लागता कामा नयेत.

वाळल्यावर वरचा दोन तृतीयांश भाग ठेवून आडवी कापा. भुवयांचे उंचवटे लगद्याने द्या, नाहीतर तो नुसता वाडगा दिसतो. पांढरा डिस्टेंपर, त्यावर पाण्यात पातळ केलेला तपकिरी रंग खाचांत सोडून लगेच पुसा. पुसले नाही तर रंगमंचावर ती मातीची दिसते. आणि हे नाटक ‘पांढरी की काळी’ याच प्रश्नावर उभे आहे!

सुदैवाने कवटीत रंगमंचावर द्रव ओतावा लागत नाही. मद्य शिंगात घेतले जाते. शिंग आतून पोकळ, टोक बंद, त्यात पाण्याचा घोटभर अंश पुरतो. जास्त भरले की झटापटीत फरशी ओली होते आणि नट घसरतात.

भिक्षापात्र वेगळे. 20 ते 22 सेंमी तोंडाचा स्टीलचा वाडगा, त्याला मॅट काळा रंग. चकचकीत काळा दिला तर स्पॉट पडल्यावर तो पांढरा चमकतो आणि नागसेनाच्या ‘माझे पात्र तर काळे आहे’ या युक्तिवादाची वाट लागते. चीवराखाली धरल्यावर त्याचा उंचवटा कवटीएवढाच दिसला पाहिजे. प्रेक्षकाला क्षणभर खरेच वाटायला हवे, असेल बुवा कवटी.

जुनी_पोथी

@लगदाकाम, पात्राच्या रंगामागे विनयाचा, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या आचारसंहितेचा, नियम आहे. भिक्षूला दोनच प्रकारची पात्रे चालतात, लोखंडाचे आणि मातीचे. भाजलेले असल्याने ते काळपट असते. एवढेच नाही, विनयातल्या चुल्लवग्ग या भागात मेलेल्या माणसाच्या कवटीचे पात्र वापरायला भिक्षूंना स्पष्ट मनाई आहे. म्हणजे कापालिक ज्या वस्तूसाठी नागसेनाला चोर ठरवतो, ती बाळगणे हाच त्याच्यासाठी दोष. नागसेनाच्या नटाला हे सांगून ठेवा. आरोपाने तो नुसता चिडत नाही, त्याला किळस येते.

पण तो लपवतोय हेही खरेच. धनदास शेठच्या घरून मासे-मांसाची झकास भिक्षा मिळाली आहे आणि ती घेऊन तो राजविहाराकडे चालला आहे. त्याचे स्वगत नाटकातला दुसरा मोठा उतारा. भगवंतांनी उत्तम प्रासाद, पलंग, दुपारपूर्वी भोजन, दुपारनंतर सुगंधी पेये, तांबूल, मऊ वस्त्रे एवढे सगळे दिले, मग स्त्री आणि सुरा यांनाच कशी परवानगी दिली नाही? नक्कीच दिली असणार, मत्सरी म्हाताऱ्या स्थविरांनी पिटकातून (बौद्ध धर्मग्रंथांतून) ती वाक्ये पुसली! आता तो मूळ पाठ कुठे सापडेल?

पाठभेदाचा हा विनोद पोथ्या जुळवणाऱ्या कोणालाही कळेल. नटाने तो विद्वानाच्या कळकळीने घ्यावा, जिभल्या चाटत नव्हे.

तिसरी_घंटा

एक गंभीर शंका. महाराष्ट्रात बौद्ध समाज मोठा आहे, धम्माशी त्याचे नाते जिवंत आहे. भिक्षूला विनोदाचा विषय करणारे सातव्या शतकातले नाटक आज जसेच्या तसे करावे का?

रंगपीठ

प्रश्न रास्त आहे आणि तालमीच्या पहिल्या दिवशीच यावर बोलले पाहिजे. संहितेकडे नीट पाहिले तर महेंद्रवर्म्याने कोणालाच सोडलेले नाही. शैव कापालिक नायक आहे, पण सर्वांत जास्त हसे त्याचेच होते. पाशुपत निवाडा करायला येतो आणि स्वतःच भांडणात ओढला जातो. न्यायालयाचेही तेच. देवसोमा म्हणते, अनेक विहारांच्या उत्पन्नाने धनवान झालेला हा भिक्षू अधिकाऱ्यांची तोंडे भरील, आपल्याकडे काय, सर्पाची कात आणि भस्म! वेदान्त आणि महाभारतातून बुद्धाने कल्पना चोरल्या हे वाक्य सत्यसोमाच्या तोंडी आहे, आणि ते झिंगलेल्या वादीचे आहे, नाटककाराचा निकाल नव्हे.

तरी समतोल प्रयोगात आपोआप येत नाही. काही दिग्दर्शक सत्यसोमाचे उतारे कापतात आणि नागसेनाचे स्वगत ठेवतात, तिथे नाटक एका बाजूला कलंडते. कापायचे तर दोन्हीकडून सारखे कापा. नागसेनाला लोभी, गुबगुबीत, ओरडणारा करू नका. मूळ संहितेत तो सर्वांत शांत बोलतो. देवसोमा पडते तेव्हा तिला हात देऊन उठवतो तोच, आणि त्याबद्दल सत्यसोम त्याच्यावर पाणिग्रहणाचा आरोप करतो. चांगुलपणाची अशी शिक्षा झाली की प्रेक्षक नागसेनाच्या बाजूला येतो. तो क्षण जपला की तोल बराचसा सांभाळला जातो.

वेडा ज्या कुत्र्याकडून कवटी घेतो त्या कुत्र्याच्या मालकाच्या जातीचा उल्लेख मुळात आहे. तो शब्द काढला तरी कथानक तसूभर हलत नाही. काढावा.

विंगेतून

रंगपीठशी सहमत. भाषेबाबतही हाच विवेक लागतो. मुळात सत्यसोम आणि बभ्रुकल्प संस्कृत बोलतात. नागसेन, देवसोमा आणि वेडा प्राकृतात. मराठीत लगेच मोह होतो की प्राकृत म्हणजे एखादी बोली. पण वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी अशी वाटली की हशा त्या बोलीला पडतो, वाक्याला पडत नाही. त्यापेक्षा भेद वाक्यरचनेत आणा. सत्यसोमाला लांब, समासांनी भरलेली, शास्त्रीबुवांची मराठी. नागसेनाला छोटी, नीट तोललेली वाक्ये. देवसोमेला रोजची घरगुती भाषा. वेड्याला दर वाक्यात एक शब्द पुन्हापुन्हा.

लगदाकाम

वेशभूषेचे लिहितो. कापालिकाच्या सहा मुद्रा (अंगावर बाळगायच्या खुणा) वैष्णव आचार्य यामुनाचार्यांनी नोंदवल्या आहेत : कंठी, रुचक, कुंडल, शिखामणी, भस्म आणि यज्ञोपवीत. कपाल आणि खट्वांग (कवटी लावलेला दंड) या उपमुद्रा. खट्वांग रंगमंचावर फार लांब नको, पाच फुटांवर गेला की झटापटीत दुसऱ्याच्या डोळ्याला लागतो. चार फूट पुरे.

भस्म दोघांच्याही अंगावर, कापालिक आणि पाशुपत, म्हणून प्रेक्षकाचा गोंधळ होतो. पाशुपत दिवसातून तीनदा भस्मस्नान करतो, त्याला सर्वांगी एकसारखे लावा. कापालिकाला विस्कळीत, हाडांचे दागिने घालून. कोरडी राख वापरू नका, ती उडते, नटांना खोकला येतो. मुलतानी माती पाण्यात कालवून तिच्यात थोडे ग्लिसरीन टाका, म्हणजे वाळल्यावर तडे जात नाहीत. पूर्ण वाळायला वीस मिनिटे धरा. ओल्या अंगाने प्रवेश झाला तर नागसेनाच्या चीवरावर पांढरे पंजे उमटतात.

चीवर भगवे नको. तांबूस-तपकिरी रंग घ्या, वनस्पतींच्या रंगात बुडवलेला असतो तसा. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत उजवा खांदा उघडा ठेवण्याची पद्धत दिसते, ती सोयीचीही आहे, कारण पात्र डाव्या हाताखाली झाकता येते.

तिसरी_घंटा

देवसोमा भिक्षूचे केस ओढायला जाते आणि टकलावरून हात निसटून पडते, ही जागा कशी बसवावी? नटाने टोपी घातली असेल तर ती हातात येते.

रंगपीठ

शक्यतो नटाने डोके भादरावे. रबरी टोपीची कड कपाळावर घामाने साधारण अर्ध्या तासात सुटू लागते आणि नागसेन तेवढा वेळ रंगमंचावर असतोच. टोपीच घालायची असेल तर नटीचा हात कानाच्या वरून मागे सरकावा, कडेकडे कधीच नाही. बोटे मिटायची, पण मूठ डोक्यापासून चार बोटे दूर. प्रेक्षकाला समोरून ते कळत नाही.

पडण्याचे तीन भाग. हात निसटतो, एक पाऊल मागे, मग गुडघा दुमडून कुल्ल्यावर. हातावर कधीच पडायचे नाही, मनगट जाते. त्याआधी शिंग सत्यसोमाच्या हातात गेलेले असावे. पहिले आठ-दहा दिवस चटईवर सराव करा. पडल्यावर नागसेन बुद्धाची स्तुती करतो की मुंडनाचा नियम घालणारे भगवान किती दूरदर्शी. त्याआधी पूर्ण दोन मात्रांची शांतता हवी. ती खाल्ली गेली की नाटकातला सर्वांत हमखास हशा हुकतो.

पखवाज

तालाबद्दल. झिंगलेली चाल नटावर सोडून देऊ नका, ती मृदंगावर बांधा. नागसेन आणि बभ्रुकल्प आठ मात्रांत चालतात. सत्यसोम-देवसोमेला सात मात्रांचा रूपक द्या, आणि रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, ‘खाली’ (रिकामी) असल्याने पाऊल जिथे पडायला हवे तिथे ठोका पोकळ लागतो. चाल आपोआप झिंगलेली दिसते, हातवारे करावे लागत नाहीत. कवटी हरवल्यावर हळूहळू आठ मात्रांवर या. जुनी_पोथी यांनी सांगितलेला मदाचा उतार असा कानालाही कळतो.

स्थळ बदलण्यासाठी पडदा नको. एक परिक्रमा (रंगमंचावरचा एक फेरा) म्हणजे एक रस्ता, हा जुना संकेत प्रेक्षक दोन मिनिटांत शिकतो.

जुनी_पोथी

पाशुपताची भूमिका हाती घेणाऱ्यासाठी एक गोष्ट. पाशुपत साधनेत लोकांसमोर मुद्दाम वेड्यासारखे वागणे, घोरल्याचे किंवा लंगडल्याचे सोंग करून निंदा ओढवून घेणे हे सांगितले आहे. त्या पंथाचा आचार्य लकुलीश घारापुरीच्या लेण्यात कोरलेला आहे. अशा पंथाचा माणूस इथे शहाणपणाने न्याय करायला बसतो, आणि कवटी आणून देतो तो खराखुरा वेडा. बभ्रुकल्पाला अतिशय नेटका, समंजस ठेवा, म्हणजे हा विरोध दिसतो.

कापालिक आपल्याकडेही होते. सातव्या शतकातल्या चालुक्य नागवर्धनाच्या इगतपुरीजवळ सापडलेल्या ताम्रपटात कपालेश्वराच्या पूजेसाठी आणि तिथल्या महाव्रतींसाठी गावाचे दान आहे. महाव्रती म्हणजे हे कापालिकच. सत्यसोमाला परदेशी, भयानक तांत्रिक करण्याचे कारण नाही. त्याला दान मिळायचे, देऊळ होते.

तिसरी_घंटा

परवानगीचे काय? आणि शेवट कसा घ्यावा? वेड्याचा प्रवेश लांबला की प्रेक्षक उठायला लागतात.

विंगेतून

मूळ नाटकाला हक्काचा प्रश्न नाही. पण कोणाचे छापील भाषांतर घेतले तर भाषांतरकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क त्याच्या वारसांकडे असतो, त्यांची लेखी परवानगी घ्या. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. रंगावृत्ती पक्की झाल्यावरच पाठवा, नंतर उतारे बदलले तर पुन्हा जावे लागते.

शेवट मुळातच वेगवान आहे, फक्त वाढवू नका. वेडा कवटीला सोनाराने घडवलेले सोन्याचे भांडे समजतो. कोणीतरी त्याला वेडा म्हणतो. तो थबकतो : हा शब्द मी सारखा ऐकतोय, हे घ्या आणि तो वेडा कुठे आहे ते मला दाखवा! कवटी सत्यसोमाच्या हातात येते. सत्यसोम म्हणतो, तो बघ त्या भिंतीआड गेला, धाव लवकर. वेडा निघून जातो.

इथे वेड्याच्या नटाने खरोखर शोधायला जावे, प्रेक्षकांकडे बघून डोळे मिचकावू नयेत. आणि सत्यसोमाने कवटी छातीशी धरताना तिच्यात आधी डोकावून पाहावे, मांस शिल्लक आहे का. त्यानंतर समेट आणि भरतवाक्य, म्हणजे नाटकाचा शेवटचा मंगलश्लोक. भरतवाक्यात ‘शत्रुमल्ल’ हे महेंद्रवर्म्याचे बिरुद येते, ते भाषांतरात गाळू नका. प्रवेशापासून भरतवाक्यापर्यंत वेड्याचा भाग सात मिनिटांच्या आत ठेवा. मध्ये प्रकाश मंद करू नका, पूर्ण उजेडातच हे घडले पाहिजे.

लगदाकाम

एक राहिले. कवटीवर कुत्र्याच्या दातांच्या खुणा करा, काठावर तीन-चार, रंगवण्याआधी कोरून. पहिल्या रांगेला दिसतात, आणि सत्यसोम डोकावतो तेव्हा नटालाही बोटाने चाचपायला काहीतरी मिळते. पण हरवण्याआधी कवटी एकदाही प्रेक्षकांना दाखवायची असेल तर दोन कवट्या लागतील, एक खुणांशिवायची.